घरात कोणालाच नाही, मग याला कसा झाला?

मुलाला जनुकीय आजार असल्याचे डॉक्टरांनी सांगितले की आईवडिलांकडून बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच येतो. दोन्हीकडच्या आजी-आजोबांपासून चुलत-मावस भावंडांपर्यंत सगळे धडधाकट; मग याच बाळाच्या वाट्याला हे कुठून आले? त्यापाठोपाठ घरात दुसरी चौकशी सुरू होते, दोष कोणाच्या घराण्याचा, आणि ती फार करून सुनेपाशी येऊन थांबते. या प्रश्नाला जीवशास्त्राकडे स्पष्ट उत्तर आहे. ते एकदा कळले की निदान कसे होते आणि उपचार नेमके काय करतात, हेही उलगडत जाते. असे आजार हजारो आहेत, म्हणून या प्रकरणात मुख्यतः एकाचाच माग घेतला आहे: स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजेच एसएमए. ‘सोळा कोटींचे इंजेक्शन’ म्हणून महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत ज्याची चर्चा झाली, तो हाच आजार.

१. दुर्मिळ म्हणजे किती?

युरोपात दोन हजार माणसांत एकापेक्षा जास्त जणांना न होणारा आजार दुर्मिळ मानला जातो. अमेरिकेत देशभर दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण असतील तर तो दुर्मिळ. भारताने २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, पण त्यात असा आकडा घातला नाही, कारण आकडा ठरवण्यासाठी लागणारी रुग्णांची मोजदादच देशात झालेली नाही. जगात असे सुमारे सात हजार आजार धरले जातात. त्यांतले बहुसंख्य जनुकीय आहेत आणि त्यांतले पुष्कळसे बालपणीच दिसू लागतात.

एसएमए साधारण दहा हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. आकडा किरकोळ वाटतो. पण भारतात वर्षाला सव्वादोन कोटींच्या वर मुले जन्मतात. हेच प्रमाण धरले तर दरवर्षी दोन हजारांहून अधिक बाळे हा आजार घेऊन येतात, म्हणजे रोज सहा-सात. ‘दुर्मिळ’ हा शब्द एका गावापुरता किंवा एका डॉक्टरच्या अनुभवापुरता खरा असतो. एवढ्या मोठ्या देशात तो फसवा ठरतो.

२. दोन किल्ल्या

प्रत्येक जनुकाच्या माणसाकडे साधारणपणे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. घराच्या कुलपाच्या दोन किल्ल्या असाव्यात तसे हे आहे. एक किल्ली हरवली तरी दुसरीने दार उघडते आणि घरातल्या कोणाला काही जाणवतही नाही. ज्याची एक किल्ली हरवलेली आहे त्याला ‘वाहक’ म्हणतात. वाहक आजारी नसतो, अशक्त नसतो, आणि साध्या रक्त-लघवीच्या तपासणीत तो ओळखूही येत नाही.

एसएमएमध्ये हे जनुक म्हणजे एसएमएन-१, पाचव्या गुणसूत्रावरचे. त्याच्यापासून तयार होणाऱ्या प्रथिनावर मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या चेतापेशी जगतात. साधारण पन्नास माणसांत एक जण या जनुकाचा वाहक असतो. दोन वाहकांचे लग्न झाले आणि दोघांकडूनही बाळाला सदोष प्रतच आली, तरच आजार होतो. हिशेब साधा आहे. नवरा वाहक असण्याची शक्यता पन्नासात एक, बायको वाहक असण्याची तेवढीच, आणि दोघांची सदोष प्रत एकाच बाळात येण्याची चारात एक. पन्नास गुणिले पन्नास गुणिले चार म्हणजे दहा हजार. दहा हजारांत एक बाळ, हा वर दिलेला आकडा असा जुळतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही घरात मोठ्याने बोलल्या जायला हव्यात. पहिली, एसएमएत आईचा आणि बापाचा वाटा अगदी समसमान असतो; एकट्या सुनेला बोल लावायला शास्त्रात कणभरही आधार नाही. दुसरी, चारात एक ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने लागू होते. ‘एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील’ ही समजूत साफ चुकीची आहे आणि तिच्यामुळे अनेक कुटुंबांत दुसरे मूलही आजारी जन्मले आहे.

सदोष प्रत पिढ्यान्‌पिढ्या वाहकांमधून गुपचूप पुढे सरकत राहते. घरात आधी कोणी आजारी न दिसण्याचे कारण एवढेच.

सगळेच जनुकीय आजार या वाटेने येत नाहीत. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीत सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून आजार मुख्यतः मुलग्यांना होतो आणि आई वाहक असू शकते. मात्र सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये तो बदल नव्यानेच घडलेला असतो. अकाँड्रोप्लेजिया या खुजेपणाच्या आजारातही बहुतेक वेळा आईवडील दोघांत तो बदल नसतो. म्हणून तपासणीच्या आधी अमक्याकडून आले असे ठरवून टाकणे चूकच.

३. मामेबहिणीशी लग्न झाले तर

महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. तिथे वरचा हिशेब बदलतो. समजा, मुलगा एखाद्या आजाराचा वाहक आहे. ती सदोष प्रत त्याला आईकडून आलेली असण्याची शक्यता निम्मी. ती आईकडची असेल तर तिच्या भावाकडे, म्हणजे मामाकडे, तीच प्रत असण्याची शक्यता पुन्हा निम्मी. मामाकडून ती त्याच्या मुलीकडे जाण्याची आणखी निम्मी. म्हणजे मामेबहीणही वाहक असण्याची शक्यता आठात एक. नात्याबाहेरच्या मुलीच्या बाबतीत एसएमएपुरती ती पन्नासात एक होती. या वाहक मुलाच्या बाळाला आजार होण्याची शक्यता त्यामुळे दोनशेत एकवरून बत्तिसात एकवर येते.

बत्तिसातली एकतीस बाळे यातही निरोगी असतात, हे लक्षात ठेवले पाहिजे. शिवाय नात्यात लग्न न झालेल्या जोडप्यांनाही असे मूल होते. पण आधीच्या पिढीत एखादे मूल ‘ढिले’ होऊन दगावलेले असेल, तर नात्यातले लग्न ठरवण्याआधी वाहक तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे.

४. बाळ मान धरत नाही तेव्हा

एसएमएचा सर्वांत गंभीर प्रकार सहा महिन्यांच्या आतच दिसतो. बाळ जन्मते तेव्हा पुष्कळदा ठीकच असते. मग चौथा महिना उलटला तरी ते मान धरत नाही. उताणे ठेवले की पाय बेडकासारखे दोन्ही बाजूंना पडून राहतात. काखेत हात घालून उचलले तर हातांतून निसटेल की काय असे वाटते. रडणे क्षीण, अंगावर पिताना लवकर दमणारे. श्वास घेताना पोट फुगते आणि छाती आत ओढली जाते. डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही. बाळ रडत नसताना जिभेकडे नीट पाहिले तर तिच्यात बारीक थरथर दिसते. आणि या सगळ्यात डोळे मात्र तरतरीत असतात. ते ओळखते, हसते, खुळखुळ्यामागे नजर फिरवते. बुद्धीला धक्का नसतो. मरत असतात त्या स्नायूंना आदेश देणाऱ्या पेशी. ढिले शरीर आणि जागी नजर ही जोडी ज्या डॉक्टरने एकदा पाहिली, तो ती विसरत नाही.

त्याहून सौम्य प्रकारात मूल बसते पण चालत नाही. आणखी सौम्य प्रकारात चालू लागते, मग जिना चढताना अडखळू लागते. उपचार न मिळाल्यास पहिल्या प्रकारातली बहुतेक मुले दोन वर्षांच्या आत दगावतात किंवा कायमची श्वसनयंत्रावर जातात.

उशीर नेमका इथेच होतो. ‘गुटगुटीत बाळे उशिरा मान धरतात’, ‘याचा काकाही उशिराच चालला होता’ असे म्हणत, टॉनिक आणि मालिश करत महिने निघून जातात. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरेही ठरते, म्हणूनच ज्या थोड्यांच्या बाबतीत ते खोटे असते ती मुले हातची जातात.

५. कोणती तपासणी काय पाहते

‘जेनेटिक टेस्ट नॉर्मल आली’ या वाक्याला, कोणती टेस्ट हे कळल्याशिवाय, काही अर्थ नसतो. कॅरिओटाइप या जुन्या तपासणीत गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजली जातात. डाउन सिंड्रोम त्यात कळतो, कारण तिथे एक अख्खे गुणसूत्र जास्त असते. एका जनुकातला बारीक बिघाड तिला दिसूच शकत नाही.

एक्झोम सिक्वेन्सिंग त्याच्या कितीतरी पुढचे आहे. माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीन अब्ज रासायनिक अक्षरे आहेत. त्यांतला प्रथिने घडवणारा भाग जेमतेम एक ते दोन टक्के, पण ज्ञात आजारांचे बहुतेक बिघाड तिथेच सापडतात. सुमारे वीस हजार जनुकांचा तेवढाच भाग या तपासणीत एका झटक्यात वाचला जातो. आजाराचे नाव सुचत नसेल तेव्हा ही तपासणी मोलाची ठरते. तरीही अनेक रुग्णांचे निदान तिच्यातून होत नाही.

एसएमएत तर ती चक्क फसवू शकते. माणसाकडे एसएमएन-१ ला जवळजवळ सारखेच असलेले दुसरे जनुक आहे, एसएमएन-२. वाचताना यंत्र दोघांची गल्लत करते आणि एक पूर्ण गायब असतानाही अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणून एसएमएचा संशय असेल तर एमएलपीए नावाची, जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी करायची असते. सुमारे ९५ टक्के रुग्णांमध्ये एसएमएन-१ चा तोच ठरावीक भाग दोन्ही प्रतींतून नाहीसा झालेला असतो, त्यामुळे या एका तपासणीत निदान होते. तिला एक्झोमपेक्षा खर्चही कमी येतो. बाळाला हाताने तपासून योग्य संशय घेणारा डॉक्टर महागड्या यंत्राइतकाच महत्त्वाचा असतो तो यामुळे.

अहवालात कधी कधी ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. जनुकात बदल सापडला आहे, पण तो आजार करणारा की निरुपद्रवी हे ठरवता येत नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी आईवडिलांचेही रक्त तपासले जाते. निरोगी बापात तोच बदल असेल तर तो निरुपद्रवी असण्याकडे कल जाऊ शकतो. तुलनेसाठी उपलब्ध असलेली जगातली माहिती बरीचशी युरोपीय वंशाच्या लोकांची असल्याने भारतीय रुग्णांत असे शेरे जास्त येतात. जीनोम-इंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले आणि ती माहिती २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली, ती या दृष्टीने मोलाची आहे. अनिश्चित अहवाल फेकून देऊ नये. दोन वर्षांनी तीच माहिती पुन्हा तपासली तर उत्तर निघू शकते.

६. तीन औषधे, दोन मार्ग

एसएमएचे वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हर्डनिग आणि हॉफमन यांनी केले होते. जनुक सापडायला १९९५ साल उजाडले. पॅरिसमध्ये जुडिथ मेल्की यांच्या गटाने ते शोधले. औषध त्यानंतर दोन दशकांनी आले.

पहिले औषध सुचले ते एसएमएन-२ मुळे. किल्लीच्याच भाषेत सांगायचे तर ही तिसरी किल्ली, पण तिचा एक दाता वाकडा. एका अक्षराच्या फरकामुळे तिच्यापासून बनणारे बहुतेक प्रथिन अर्धवट राहते. कामाचे निघते ते साधारण दहा टक्के. ज्या बाळाकडे एसएमएन-२ च्या प्रती जास्त, त्याचा आजार सहसा सौम्य असतो.

पहिला मार्ग हा वाकडा दाता सरळ करण्याचा. नुसिनर्सेन हे औषध एसएमएन-२ च्या संदेशाला चिकटून पूर्ण प्रथिन बनवून घेते. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतल्या एड्रियन क्राइनर यांच्या कामातून ते उभे राहिले आणि डिसेंबर २०१६ मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली. ते पाठीच्या कण्यातून द्यावे लागते, सुरुवातीच्या चार मात्रांनंतर दर चार महिन्यांनी, जन्मभर. २०२० मध्ये आलेले रिसडिप्लाम हेच काम करते, पण ते तोंडाने घ्यायचे रोजचे औषध आहे. ज्या गावात कण्यात सुई घालणारा तज्ज्ञ नाही तिथल्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे.

दुसरा मार्ग नवी किल्लीच देण्याचा. झोल्गेन्स्मा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनुकोपचारात निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पोटात एसएमएन-१ ची चांगली प्रत भरून शिरेतून एकदाच दिली जाते. मे २०१९ मध्ये अमेरिकेने दोन वर्षांखालील मुलांसाठी त्याला मान्यता दिली. दिल्यावर शरीर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, त्यामुळे तो पुन्हा देता येत नाही. यकृतावर गंभीर परिणाम होऊ शकतो, म्हणून काही आठवडे स्टिरॉइड आणि वारंवार रक्ततपासणी लागते.

तिन्ही औषधांना एक मर्यादा सारखीच आहे: मेलेली चेतापेशी कोणतेही औषध परत आणत नाही. उरलेल्या पेशी ती वाचवतात. म्हणून वेळेला पैशाइतकीच किंमत आहे. एका परीक्षणात एसएमएन-२ च्या दोनच प्रती असलेल्या, म्हणजे गंभीर आजार जवळजवळ ठरलेल्या, चौदा बाळांना लक्षणे दिसण्याआधी, जन्मापासून सहा आठवड्यांच्या आत, जनुकोपचार दिला गेला. चौदाही बाळे दीड वर्षाच्या आत आधाराशिवाय बसली. उपचाराविना या प्रकारातले मूल कधीच बसत नाही. तेच इंजेक्शन दहाव्या महिन्यात दिले तर जीव वाचू शकतो, पण हालचालींत होणारी सुधारणा बरीच तोकडी राहते.

औषधासोबत फिजिओथेरपी, श्वसनाला आधार, कण्याच्या बाकाकडे लक्ष आणि पोषण हेही तितकेच लागते. सगळ्या दुर्मिळ आजारांचा विचार केला तर मान्यताप्राप्त औषध आहे ते जेमतेम पाच टक्क्यांसाठी. इतरांसाठी ही देखभाल हाच उपचार.

सगळेच उपचार महागडे असतात असेही नाही. बायोटिनिडेज या विकराच्या कमतरतेत बाळाला झटके येतात, ऐकू येईनासे होते. उपचार म्हणजे बायोटिन या जीवनसत्त्वाची स्वस्त गोळी, आयुष्यभर. वेळेत दिली तर मूल शाळेत इतरांसारखे वाढते. गेलेली श्रवणशक्ती मात्र सहसा परत येत नाही.

७. सोळा कोटी कुठून आले

झोल्गेन्स्माची अमेरिकेतली किंमत २१ लाख २५ हजार डॉलर ठरली. रुपयांत ती सोळा कोटींच्या घरात गेली. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी वर्गणीतून एवढी रक्कम उभी केली आणि त्यावरचा सुमारे सहा कोटींचा कर केंद्र सरकारने माफ केला. हजारो अनोळखी माणसांनी दिलेला तो पैसा आदराला पात्र आहे. पण वर्गणी ज्याचा चेहरा लोकांपर्यंत पोहोचला त्यालाच मिळते. मेळघाटातल्या बाळापर्यंत ती पोहोचत नाही, म्हणून तिला व्यवस्था म्हणता येत नाही.

राष्ट्रीय धोरणात आधी वीस लाखांची मदत होती. २०२२ मध्ये ती पन्नास लाखांपर्यंत वाढली. ती ठरावीक उत्कृष्टता केंद्रांतून मिळते, मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांतले एक. पन्नास लाखांत काय होते ते रिसडिप्लामच्या उदाहरणाने पाहू. वीस किलोंहून जास्त वजनाच्या रुग्णाला रोज ५ मिलिग्रॅम लागते आणि एका बाटलीत ६० मिलिग्रॅम असते, म्हणजे बाटली बारा दिवस पुरते. वर्षाला तीस बाटल्या. मूळ कंपनीच्या बाटलीची छापील किंमत सुमारे सहा लाख रुपये. वर्षाचा खर्च एक कोटी ऐंशी लाख. या किमतीने सरकारी मदत साडेतीन महिन्यांच्या आत संपते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पेटंटच्या वादात न्यायालयांनी भारतीय उत्पादन रोखायला नकार दिल्यावर नॅटको कंपनीने हेच औषध बाटलीला १५,९०० रुपये या किमतीला बाजारात आणले. आता तीस बाटल्यांचे होतात चार लाख सत्त्याहत्तर हजार. तेच पन्नास लाख दहा वर्षे पुरतात. रुग्ण थोडे आणि संशोधन खर्चिक, म्हणून औषध महाग असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. पण एका बाटलीची किंमत सहा लाखांवरून सोळा हजारांवर येऊ शकत असेल, तर मूळ किमतीत औषध तयार करण्याचा खर्च किती आणि मक्तेदारीचा वाटा किती, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

८. टाचेतला थेंब

लक्षणे दिसण्याआधी उपचार द्यायचा तर आजार लक्षणांआधी सापडला पाहिजे. त्याची पद्धत साठ वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नवजात बाळाच्या टाचेतले रक्त टिपकागदावर घेऊन फिनाइलकीटोन्युरिया शोधण्याची तपासणी रुळवली. त्याच वाळलेल्या थेंबातून आज डझनावारी आजार तपासता येतात. अमेरिकेच्या शिफारस यादीत २०१८ मध्ये एसएमएही आला. भारतात गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू केली होती. प्रत्येक बाळाला लागू असणारा राष्ट्रीय कार्यक्रम मात्र नाही, आणि महागड्या औषधांवर चर्चा करताना ही उणीव मागे पडते.

९. पुढच्या गरोदरपणाआधी

एका मुलाचे निदान पक्के झाले की पुढच्या वेळी मार्ग मोकळा असतो. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल काढून गर्भाची तपासणी करता येते. गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा अशा तपासणीला आड येत नाही. जनुकीय आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात ती कायदेशीर आहे, लिंग तपासणे किंवा सांगणे मात्र गुन्हा. गर्भ बाधित निघाला तर गर्भपाताचा निर्णय कायद्याच्या मर्यादेत आईचा असतो. जनुकीय समुपदेशकाने माहिती द्यायची असते, निर्णय लादायचा नसतो.

हे सारे पहिल्या मुलाच्या निदानावर अवलंबून आहे, आणि ते अनेकदा निदानाआधीच दगावते. म्हणून बालरोगतज्ज्ञांनी आणि कुटुंबांनी एक गोष्ट आवर्जून करावी. ढिल्या, गंभीर आजारी बाळाची तपासणी तेव्हा परवडत नसली तरी त्याचे थोडे रक्त घेऊन डीएनए प्रयोगशाळेत जपून ठेवावा. तो वर्षानुवर्षे टिकतो, आणि आईवडील पुढच्या बाळाचा विचार करतील तेव्हा त्यांना लागणारे उत्तर त्यातूनच मिळू शकते.